अल मजाजमधला स्कॉटिश किल्ला

शारजात अल मजाजला, लगूनच्या मागच्या गल्लीत एक अठरा मजली बिल्डिंग आहे. तिच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या खोलीला लागून, एक कोपरा आहे. एरवी त्या कोपऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पण दसरा उलटला की तिथे साठीचे एक गृहस्थ बनियन आणि जुनी पँट अशा थाटात, कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसलेले दिसत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत, "पाय जपून हं, तटबंदी ओली आहे."

हे राजाभाऊ निगडे. मूळचे भोरचे. सकाळी टाय लावून जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका शिपिंग कंपनीत जात आणि जहाजांवरच्या मालाची कागदपत्रं तपासत. तिथे त्यांना सगळे मिस्टर राज म्हणत. संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, गाडीतल्या गाडीत दोनदा डुलकी काढून घरी पोचत, तेव्हा कुठे त्यांचे राजाभाऊ होत. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस त्यांचे जे काही होई, त्याला हेमाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, 'अंगात येणं' म्हणत.

दिवाळीत दारात मातीचा किल्ला करायचा, वर महाराजांना बसवायचं, उतारावर मावळे ठेवायचे, हे भोरकडच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. बहुतेक पोरं मिशा फुटल्या की हे सोडून देतात. राजाभाऊंच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या होत्या, तरी त्यांनी सोडलं नव्हतं. एमिरेट्समध्ये आले त्याच वर्षी त्यांनी लगूनच्या काठची वाळू पिशव्यांतून आणली आणि प्रतापगड केला. सकाळी तो मोठा रुबाबदार दिसत होता. दुपारच्या उन्हात वाळू वाळली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत प्रतापगडाची पुळण झाली. जिकडेतिकडे वाळूच वाळू असलेल्या देशात किल्ल्याला लागणारी चिकट माती मिळत नाही, हे ज्ञान त्यांना असं झालं.

त्या ज्ञानातूनच त्यांची कमरुद्दीनशी गाठ पडली. कमरुद्दीन हर्णैचा. शारजात त्याची रोपांची नर्सरी होती आणि बागांना घालायची लाल माती तो पोत्यांनी विकायचा. "इथं वाळू फुकट आन् माती इकत," असं तो पहिल्या भेटीत म्हणाला, आणि किल्ल्यासाठी हवीय हे कळल्यावर पैसे न घेता पिकअपमधून माती स्वतः आणून टाकली. तेव्हापासून दर वर्षी दसऱ्यानंतर माती यायची आणि तुळशीचं लग्न झालं की परत जायची. ती न्यायला पिकअप आली की राजाभाऊ मुद्दाम लवकर ऑफिसला निघून जात. आपण बांधलेला किल्ला फावड्यांनी भरलेला त्यांना बघवत नसे. मोठा माणूस, पण या बाबतीत अगदी कच्चा.

महाराज आणि मावळे भोरहून केबिन बॅगेत येत. एकदा विमानतळावरच्या मशीनमध्ये छोटी तोफ दिसली आणि अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. आतून एकेक मावळा निघू लागला तसे शेजारच्या काउंटरवरचे दोघं तिघं जमले. राजाभाऊंनी तिथल्या तिथे त्यांना पन्हाळ्याचा वेढा सांगायला घेतला. मागे दोनशे माणसांची रांग. शेवटी तो अधिकारीच हात जोडून म्हणाला, "यल्ला हबीबी, यल्ला. टेक युअर आर्मी अँड गो."

तर असे राजाभाऊ. त्या वर्षी मात्र दसरा आला तरी त्यांच्या अंगात काही आलं नाही.

कारण दोन गोष्टी एकदमच झाल्या होत्या. डिसेंबरअखेर ते रिटायर होणार होते, व्हिसा कॅन्सल, सामान बांधून कायमचं पुण्याला. आणि त्याच आठवड्यात लिफ्टजवळ मॅनेजमेंटची नोटीस लागली, की नोव्हेंबर संपला की मागच्या कोपऱ्यात फरशी घालून दोन गाड्यांचं पार्किंग करण्यात येईल. म्हणजे राजाभाऊही जाणार आणि त्यांची जागाही जाणार.

हेमाताईंची बॅगा भरायला सुरुवात झाली होती. त्यांना परत जायचा आनंद होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या. "अहो, मुलगी शिकली, पुण्यात घर झालं, हातीपायी धड आहोत. आणखी काय हवंय?"

"तसं नाही गं हेमा," राजाभाऊ म्हणाले. "सगळं तिकडे झालं. इथं काय उरलं? एकोणतीस वर्षं राहिलो. आपण गेल्यावर दुसऱ्या दिवशी या फ्लॅटला नवा रंग देतील, नवीन माणसं येतील. निगडे नावाचा कुणी इथं होता, याची काही खूण?"

"खूण कशाला हवी? आपण काय वाघ आहोत, झाडावर नखं ओढायला?" हेमाताई म्हणाल्या आणि त्यांनी कुकरला शिट्टी लावली. पण नवऱ्याला हे लागलंय, हे त्यांना कळलं होतं.

ऑफिसात राजाभाऊंचा एक जुना मित्र होता, युअन. स्कॉटलंडचा, जहाजांची तपासणी करणारा, त्यांच्याच वयाचा. त्याचे उच्चार असे, की पहिली दोन वर्षं तो इंग्रजी बोलतोय हे राजाभाऊंना माहीतच नव्हतं. आता इतकी सवय झाली होती की युअन बोलायचा इंग्रजीत आणि राजाभाऊंच्या कानात ते मराठी होऊनच शिरायचं. रोज अकरा वाजता दोघं पँट्रीत चहाला भेटत.

त्या दिवशी राजाभाऊ मोबाइलवर मागच्या वर्षीच्या राजगडाचा फोटो काढून नुसते बघत बसले होते. युअनने डोकावलं, मान डोलावली आणि सहज म्हणाला, "आमच्या गावातही किल्ला आहे. म्हणजे, नाही."

"आहे का नाही?"

"गावातल्या मुख्य रस्त्याचं नाव कॅसल स्ट्रीट. कॅसल मात्र नाही."

युअनचं गाव इन्वरकेल्डी. समुद्राकाठचं, लहानसं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी तिथे राजाचा किल्ला होता, तीन बुरुजांचा. राजा शिकारीला आला की तिथे उतरायचा. मग लढाई झाली आणि किल्ला इंग्रजांच्या हातात गेला. गावकऱ्यांनी काही वर्षं कळ काढली आणि थंडीतल्या एका रात्री दोरांच्या शिड्या लावून ते तटावर चढले.

"दोर लावून?" राजाभाऊंनी कप खाली ठेवला. "रात्री? तटावरून?" त्यांनी टेबलावर थाप मारली. "अरे, मग आपलीच माणसं की ती!"

"किल्ला परत घेतला," युअन म्हणाला, "आणि मग आमच्याच राजाने तो पाडायला लावला. पुन्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून."

"पाडला तरी थोडं काही उरलं असेल. एखादा दरवाजा? पाण्याचं टाकं? निदान जोतं?"

"काही नाही. दगड गावाने नेले. घरं बांधली, चर्च बांधलं, डुकरांचे गोठेसुद्धा बांधले. जागेवर आता गाड्यांचं पार्किंग आहे."

पार्किंग हा शब्द राजाभाऊंना बरोबर वर्मी लागला. भोरच्या भोवती किती पडके किल्ले, पण कुठे चार पायऱ्या असतात, कुठे तोफेचा तुकडा. "अख्खा किल्ला नाहीसा होतो म्हणजे काय?" ते पुटपुटले.

"नाव आहे की," युअन म्हणाला. "पत्ता विचारलास तर पोस्टमन अजून किल्ल्यावरूनच सांगतो. तुम्ही नाही का दुबईत, देरा भागातल्या त्या चौकाला अजून फिश राउंडअबाउट म्हणत? माशाचा पुतळा कधीच काढलाय तिथून."

"नावाचं काय घेऊन बसलास," राजाभाऊ म्हणाले. ते पँट्रीच्या खिडकीतून खाली तळ्याकडे बघत होते. मग एकदम वळले. "युअन, तुझा किल्ला मी बांधतो. एकदा तरी तो उभा राहिलेला कुणीतरी बघायला हवा. दिवाळीत घरी ये. शारजा लांब आहे वगैरे कारणं या वर्षी खलास."

घरी येताना गाडीत त्यांना डुलकी लागली नाही. हेमाताईंनी दार उघडलं, चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "आलं वाटतं अंगात."

पण बिल्डिंगमधली मराठी मंडळी बिथरली. त्यांचा 'मजाज मराठी' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्याचे म्होरके वासुदेव दामले, सहाव्या मजल्यावरचे. वासुदेवांचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट त्यांना आधी विचारलेली नसली की ती त्यांना चुकीची वाटायची. ते संध्याकाळी खाली आले ते हात मागे बांधूनच.

"राजाभाऊ, तुमचं शेवटचं वर्ष. रायगड करा, सिंहगड करा. हे स्कॉटलंडचं काय काढलंत? आणि महाराज कुठं बसणार? त्यांच्या किल्ल्यात? लॉजिकली ते बरोबर दिसतं का?"

त्यांच्यामागे अस्मी उभी होती. आठव्या मजल्यावरच्या समिधाची मुलगी, बारा वर्षांची, जन्म शारजातला. लहानपणी ही मावळ्यांना दुपट्यात गुंडाळून झोपवायची. आता हातात मोबाइल आणि जिभेवर धार.

"राजाआजोबा, इट्स नॉट इव्हन अवर फोर्ट," ती म्हणाली. "अँड देअर इज नो फोटो. हाउ विल यू नो इट्स करेक्ट?"

"फोटो नाही म्हणूनच तर करायचा," राजाभाऊ म्हणाले. "राजगड काय, कुणीही जाऊन बघून येईल."

"बट महाराज?"

तोच प्रश्न राजाभाऊंनाही छळत होता. दुसऱ्या राजाच्या किल्ल्यात आपल्या राजांना बसवणं त्यांच्या मनाला पटेना, आणि महाराज नाहीत असा दिवाळीचा किल्ला त्यांनी जन्मात केला नव्हता. "बघू, सुचेल काहीतरी," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

माती आली. विटा, खोकी, गोणपाट जमलं. नातूर शफीकुल, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, दर वर्षीप्रमाणे कपाळाला हात लावून म्हणाला, "चाचा, फिर से मिट्टी?" आणि दर वर्षीप्रमाणेच पाण्याचा पाइप ओढून घेऊन आला. राजाभाऊंनी कमरेएवढा डोंगर उठवला. त्याला सोंडा काढल्या, दोन माच्या काढल्या, वर जायला नागमोडी वाट केली. उतारावर अळीव आणि मोहरी पेरली. युअनच्या गावाच्या शिक्क्यावर तीन बुरुज आणि मध्ये दरवाजा असं चित्र होतं, तेवढं त्याने फोनवर पाठवलं होतं. त्याबरहुकूम एका प्लायच्या फळीवर किल्ला केला, तट लिंपला, आणि फळीसकट तो डोंगराच्या माथ्यावर नेऊन बसवला. चार दिवसांत डोंगर हिरवागार झाला. युअन शनिवारी येणार होता. बुधवारी अस्मी खाली आली.

"राजाआजोबा, धिस इज सो राँग."

"काय झालं?"

तिने मोबाइल पुढे केला. वरून काढलेला इन्वरकेल्डीचा नकाशा. घरं, बंदर, नदीचं मुख, मधोमध ते पार्किंग. "देअर इज नो माउंटन. इट्स फ्लॅट. लाइक, चपाती फ्लॅट."

राजाभाऊंनी चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल आडवा धरला, उभा धरला. डोंगर कुठेच नव्हता. साधं टेकाडसुद्धा नव्हतं. आणि युअनला त्यांनी राजाचं नाव विचारलं होतं, बुरुज विचारले होते, शिड्यांचे दोर कशाचे होते तेसुद्धा विचारलं होतं. डोंगर तेवढा विचारला नव्हता. भोरच्या माणसाने किल्ल्याला डोंगर होता का असं विचारायचं, म्हणजे लग्नाला जाऊन नवरदेव आहे ना असं विचारण्यासारखंच. ते तिथल्याच विटेवर मटकन बसले.

बातमी लिफ्टपेक्षा वेगाने वर गेली. वासुदेव खाली आले. त्यांनी डोंगर बघितला, नकाशा बघितला, आणि आनंद लपवत म्हणाले, "मी म्हणत होतोच."

"मोडून टाकू का सगळं?" राजाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडला होता की वासुदेवांनाच कसंतरी झालं. "तीन दिवसांत दुसरा नाही व्हायचा. शेवटचा किल्ला, आणि तोही चुकला."

नेमका त्या वेळी कमरुद्दीन झेंडूची रोपं घेऊन आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागला.

"राजाभाऊ, तुम्ही घाटावरचे, म्हणून घोळ झाला. आमच्या हर्णैला या. सुवर्णदुर्ग दिसतो समोर. त्याला कुठं आहे डोंगर? पाण्यात बसलाय मजेत. किल्ला काय फळीवरच आहे ना? मग उचला आन् खाली ठेवा. पुढं पाणी सोडा. डोंगर राहू दे मागं, तो काय तुम्हाला खातो?"

राजाभाऊ उठले. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला कमरुद्दीन, तिसऱ्या कोपऱ्याला शफीकुल. चौथ्या कोपऱ्याला कुणी नव्हतं. सगळे वासुदेवांकडे बघू लागले. वासुदेवांनी ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "सांभाळून," ते म्हणाले, "तटबंदी ओली आहे." आणि इन्वरकेल्डीचा किल्ला, एक चिरा न निखळता, डोंगरावरून सपाटीवर उतरला.

मागे डोंगर नुसताच राहिला. हिरवा, उंच, माथ्यावर मोकळी सपाट जागा.

अस्मीने मान वाकडी करून बघितलं. "सो," ती म्हणाली, "हू सिट्स अप देअर?"

वासुदेव गर्रकन वळले आणि लिफ्टकडे निघाले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात एक चंदनी सिंहासन होतं, त्यांच्या घरच्या शोकेसमधलं, ज्याला आजवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी ते स्वतः डोंगरमाथ्यावर ठेवलं. राजाभाऊंनी महाराजांना आणून त्यावर बसवलं. महाराज आता स्वतःच्या डोंगरावर होते आणि समोर, खाली पाण्याकाठी, पाहुण्यांचा किल्ला होता. चुकीचा डोंगर नसता तर हे कधीच जमलं नसतं. राजाभाऊंनी अस्मीला विचारलं, "आता करेक्ट आहे का?"

"बेटर," अस्मी म्हणाली. बारा वर्षांच्या मुलीकडून याहून मोठी पदवी मिळत नसते.

शनिवारी युअन आला. हातात बिस्किटांचा डबा, अंगात इस्त्रीचा शर्ट. रस्ता चुकल्यामुळे शफीकुलने त्याला फोनवरून वळणं सांगत सांगत आणलं होतं. कोपऱ्यात पणत्या लागल्या होत्या. पाण्याच्या ट्रेमध्ये कागदाची जहाजं सोडली होती. युअन किल्ल्यासमोर उभा राहिला आणि एकेक बुरुज निरखत राहिला. पुन्हा काहीतरी चुकलं, असं राजाभाऊंना वाटलं.

युअन हळूच खाली वाकला. गुडघे कुरकुरले, तरी जमिनीवर बसला. मोठा, तांबडा, पांढऱ्या केसांचा माणूस, बिल्डिंगमधल्या पोरांच्या रांगेत.

"लहान असताना त्या पार्किंगमध्ये आम्ही फुटबॉल खेळायचो," तो म्हणाला. "आजी सांगायची, तुमच्या पायाखाली किल्ला आहे. मी किती वेळा डोळे मिटून तो बघायचा प्रयत्न केला. कधी दिसला नाही." त्याने बुरुजाला बोट लावलं आणि बोटाला लागलेल्या ओल्या मातीकडे बघत राहिला. "आज दिसला."

राजाभाऊंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हेमाताईंनी तेवढ्यात चकलीची ताटली पुढे केली, नाहीतर दोघे म्हातारे तिथेच रडत बसले असते.

मग युअनला तटावर लोंबकळणारी छोटी छोटी माणसं दिसली. डोक्याला पगडी, पाठीला ढाल, हातात दोर.

"हे कोण?"

"आमचे मावळे," राजाभाऊ म्हणाले. "तुमच्या मदतीला पाठवलेत. त्या रात्री माणसं कमी पडायला नकोत."

युअन इतका हसला की वरच्या मजल्यांवरून लोक गॅलरीत आले. मग त्याने पोरांना गोष्ट सांगितली. शिड्या, अंधार, लढाई, आणि शेवटी दगड कसे घरोघर गेले ते. त्याच्या आजीच्या चुलीवर एक कोरीव दगड होता. त्यावर कुणा पाथरवटाने छिन्नीने आपली खूण करून ठेवली होती. "किल्ला गेला असं आम्ही म्हणतो खरं," तो म्हणाला, "पण आमच्या गावात असं एकही जुनं घर नाही, ज्यात तो नाही." पोरांना त्याचं इंग्रजी निम्मंच कळत होतं. अस्मी मात्र अगदी पुढे सरकून बसली होती, आणि मोबाइल तिच्या मांडीवर पालथा पडला होता.

तुळशीचं लग्न झालं. पिकअपचा दिवस आला. या वेळी राजाभाऊ लवकर पळाले नाहीत. शेवटचं आहे, डोळ्यांनी बघू, असं स्वतःला बजावून ते खाली उतरले, आणि जिन्याच्या दाराशीच थबकले.

कोपऱ्यात रांग लागली होती. तिसऱ्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स प्लास्टिकचा टब घेऊन उभी होती. तिच्यामागे इजिप्तच्या मास्तरांच्या दोन मुली, बादली धरून. केरळच्या कुटुंबाने कढीलिंबाची अख्खी कुंडीच खाली आणली होती. वासुदेवांकडे कधीतरी उसनं नेलेलं पुरणाचं पातेलं होतं, आणि ते हेमाताईंच्या नजरेपासून लपवत होते. पुढे अस्मी कुदळ घेऊन, हुकूम सोडत. "वन बकेट ईच! नो पुशिंग!"

"हे काय गं?" राजाभाऊंनी विचारलं.

"आय पोस्टेड इन द बिल्डिंग ग्रुप. युअन अंकल सेड ना? एव्हरी हाउस टेक्स सम." मग ती मराठीवर आली. तशी ती फार क्वचित येई. "माती परत नाही द्यायची, आजोबा. ही आमची आहे."

कमरुद्दीन रिकाम्या पिकअपला टेकून उभा होता. "घ्या," तो म्हणाला, "एकोणतीस वर्षं फुकट माती दिली, तेव्हा निदान परत यायची. आता तीही गेली. माझा धंदा बुडवून चाललात राजाभाऊ." आणि डोळे पुसत त्याने स्वतःच फावडं हातात घेतलं.

राजाभाऊंनी पहिलं ढेकूळ आपल्या हाताने फोडलं. बुरुज नर्सच्या टबात गेला. दरवाजा इजिप्तच्या मास्तरांकडे गेला. डोंगराचा अर्धा भाग आठव्या मजल्यावर चढला. महाराजांना उचलायला राजाभाऊ वाकले तर सिंहासन रिकामं होतं. मूर्ती अस्मीच्या छातीशी होती.

"पुढच्या वर्षी बाल्कनीत करणार मी," ती म्हणाली. "अँड आय अॅम नॉट गिव्हिंग हिम बॅक."

"देऊ नकोस," राजाभाऊ म्हणाले.

त्यानंतर दिवस भराभर गेले. ऑफिसात निरोपाचा केक कापला, युअनने मिठी मारली. इन्वरकेल्डीला ये, म्हणाला, पार्किंग दाखवतो. कोपऱ्यात फरशी बसली आणि पांढऱ्या पट्ट्या मारल्या गेल्या. आता तिथे एक राखाडी गाडी रोज उभी असे. राजाभाऊ येताजाता तिकडे बघायचं टाळत. बाल्कन्यांतून कढीलिंब, तुळस, पुदिना डुलत होते, ते त्यांना दिसत होतं आणि बरंही वाटत होतं. पण कोपरा तो कोपराच. तिथे आता काहीच नव्हतं, हे खरं होतं.

निघायच्या सकाळी बॅगा, खोकी, हेमाताईंचा मिक्सर, सगळं खाली आलं. विमानतळावर न्यायला व्हॅन बोलावली होती. ड्रायव्हर नवा होता आणि त्याला बिल्डिंग सापडत नव्हती. राजाभाऊंनी दोनदा पत्ता सांगितला. लगूनची मागची गल्ली सांगितली, कोपऱ्यावरची फार्मसी सांगितली. व्हॅन तिसऱ्यांदा पुढच्या रस्त्याला गेली. शेवटी शफीकुलने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"अरे भाई, आगे नहीं, पीछे आओ. जनरेटर की साइड. किला के पास. हाँ, किला! किसी को भी पूछो, सब को मालूम है."

राजाभाऊ हातातली बॅग धरून तसेच उभे राहिले. शफीकुल हे सहज बोलला होता. त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. रोज पिझ्झावाल्याला, एसीवाल्याला, पार्सलवाल्याला तो हेच सांगत असणार.

व्हॅन वळून आली. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने पांढऱ्या पट्ट्या बघितल्या, राखाडी गाडी बघितली, जनरेटरची खोली बघितली आणि वैतागून विचारलं, "किला किधर है?"

शफीकुलला या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्याने त्या मोकळ्या फरशीकडे हात केला.

"ये क्या, यहीं तो है."

सगळ्यांचे निरोप कोरड्या डोळ्यांनी घेतलेले राजाभाऊ निगडे तिथे मात्र, भर सकाळी, सगळ्यांसमोर, हातातली बॅग खाली ठेवून रडले. हेमाताईंनी त्यांना रडू दिलं. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, चला. आता उरला की किल्ला इथं."